तिसऱ्या वळणावरचं धुकं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सावित्रीच्या पुरात वाहून आलेली बेवारस प्रेतं ओळख पटेपर्यंत सांभाळली. त्यातलं बरंचसं आता विसरलोय. ज्या प्रकरणात कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, ते मात्र अजून माझा पिच्छा सोडत नाही. सकाळी चहाचा कप हातात आला की हटकून ते डोक्यात येतं. चहाच्याच वेळी का, ते ओघात येईल.

माझी तेव्हा महाडला बदली झाली होती. ठाण्याचं काम ठरलेलं. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, हायवेवरचे अपघात, पोलादपूरच्या अंगाला घाटात कलंडलेले ट्रक, बांधावरून फुटलेली डोकी. कॉम्प्युटर ठाण्यात एकच होता. त्याच्यावर कायम प्लॅस्टिकचं कव्हर असायचं आणि कव्हरवर हवालदारांचा जेवणाचा डबा. गावात मात्र हवा बदलत होती. पेठेत सायबर कॅफे निघाले होते आणि ऐपत असलेल्या घरांमध्ये मुलांच्या नावाने कॉम्प्युटर येत होते. माझ्याही घरी आला होता. चिरंजीव पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेले आणि कॉम्प्युटर क्वार्टरमध्येच राहिला. त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. सौभाग्यवती काय करायच्या त्याचं, हे मी कधी विचारलं नाही. तपास अधिकाऱ्याने स्वतःच्या घरात चौकशी करायची नसते, असा माझा तेव्हा समज होता.

उन्हाळ्याचे दिवस. एक तिशीतला तरुण ठाण्यात आला. शर्ट नीट खोचलेला, डोळ्यांखाली काळं, हातात सीडीची एक चपटी डबी. डबीवर घाटातून वर चढणाऱ्या लाल बसचं चित्र.

"साहेब, माझा गेम चोरीला गेलाय."

"कुठून? घर फोडलं?"

"नाही. गेम घरातच आहे."

"मग गेलं काय?"

"गेमच."

मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी छताकडे पाहिलं. हे हवालदार उमरठच्या बाजूचे, नोकरीत माझ्यापेक्षा मुरलेले. ते हळूच म्हणाले, "साहेब, वस्तू घरात हाय आनि चोरी झाली म्हनतात. डायरीत काय लिवू?"

तरुणाने न चिडता समजावून सांगितलं. त्याला हे समजावून सांगायची सवय झाली असावी. एमआयडीसीतल्या कारखान्यातली नोकरी सोडून, घरातल्या मागच्या खोलीत बसून, त्याने एकट्याने हा गेम तयार केला होता. पोलादपूरहून बस निघते, ती आंबेनळी घाट चढवून महाबळेश्वरला पोचवायची. वाटेत म्हशी, दरडी, अंगावर येणारे ट्रक आणि कुठल्याही वळणावर हात दाखवून बस थांबवणाऱ्या म्हाताऱ्या. म्हातारीला न घेता पुढे गेलात तर ती मागून शिव्या देते आणि तुमचे गुण कापले जातात. मला पटलं. घाटात खरंही तसंच होतं.

सीडी त्याने मुंबईहून छापून आणल्या आणि दुकानांत ठेवल्या. थोड्या खपल्या. मग खप एकदम थांबला. गेम मात्र घरोघरी चालू होता. कुणीतरी नकला काढत होतं.

"बरं, मग आता पोलिसांनी काय करायचं?"

"मुंबईची एक कंपनी गेम घ्यायला तयार आहे साहेब. मला नोकरीही देतायत. पुढे वरंधा, कशेडी, सगळे घाट करायचे. फक्त त्यांची अट आहे. बाजारातल्या नकला थांबवा, तक्रार केल्याचे कागद दाखवा, आणि गेमवर हक्क तुमच्या एकट्याचाच आहे याबद्दल शंका राहता कामा नये. ते जमलं तर मी गेलो मुंबईला. नाही जमलं तर परत कारखान्यात शिफ्टला."

हे बोलताना त्याचा हात त्या डबीवरून फिरत होता.

मी कपाटातून पुस्तकं काढली. कॉपीराइटचा कायदा सापडायला वेळ लागला, कारण तो वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात होता. पण सापडला आणि वाचला तेव्हा माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. दखलपात्र गुन्हा! जिल्ह्याच्या गुन्हे बैठकीत असलं प्रकरण आजवर कुणी आणलेलं नव्हतं. अधीक्षक साहेब शाबासकी देतील, पेपरात फोटो येईल. मी फिर्याद नोंदवून घेतली, 'अज्ञात इसमांविरुद्ध' असं ठसठशीत लिहायला लावलं आणि फोटो बरा यावा म्हणून केस कापायला गेलो.

हे मी गमतीने सांगत नाही. तपासाला पहिली दिशा मिळाली ती खरोखर न्हाव्याच्या खुर्चीत. कात्री चालवता चालवता न्हावी म्हणाला, "साहेब, ती बसच्या गेमची भानगड तुमच्याकडं आली काय? त्यो कुडपणचा पोरगा हाय ना पेठेत, सीडीवाला, त्याच्याकडं मशीन हाय. एक घातली की एक भायेर."

मी अर्धे केस कापलेले तसाच उठणार होतो. न्हाव्याने खांद्यावर हात ठेवून बसवलं. "पळत नाय तो. दुकान टाकून कुठं जातोय?"

दुसऱ्या दिवशी छापा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पिक्चरच्या सीडी, भजनाच्या सीडी, एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला रायटर, आणि टेबलाखालच्या खोक्यात त्या बसच्या गेमच्या नकला. शेजारचा भांडीवाला आणि खतांचा दुकानदार पंच म्हणून उभे केले. जप्ती झाली.

आता आमची मुद्देमालाची पद्धत अशी की, जप्त वस्तूला दोरी बांधायची, गाठीवर लाख वितळवून ठाण्याचा शिक्का मारायचा आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. कोयता असो, दारूचा कॅन असो की कोंबडी असो, पद्धत एकच. हवालदारांनी सीडीच्या मधल्या भोकातून सुतळी ओवली. "देवानंच भोक ठेवलंय साहेब," म्हणाले. छान माळ झाली. मग मेणबत्तीवर लाख धरून प्रत्येक सीडीवर एकेक टपोरा थेंब टाकला आणि त्यावर शिक्का दाबला. एका बाजूला कागद चिकटवलेला होता, म्हणून पंचांनी सह्या केल्या त्या चकचकीत बाजूवर, बॉलपेनने, चांगल्या दाबून. भांडीवाल्याला भांड्यांवर नावं घालायची सवय. त्याची सही तर कोरल्यासारखी उमटली. मी हवालदारांची पाठ थोपटली. इतका नेटका मुद्देमाल मी आधी पाहिला नव्हता.

सीडीवाल्याला ठाण्यात आणलं. पोरगा पंचविशीचा. वरच्या पठारावर, कुडपणला, बापाची शेती. तो मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानात काही वर्षं काढून परत आलेला. त्याने पहिल्या वाक्यातच कबुली दिली, त्यामुळे माझा थोडा हिरमोड झाला.

"मी झूट नाय बोलत साहेब. कॉपी मीच मारली. पयली ऑर्डर होती. मग लोक विचारायला लागले, तेव्हा विकली पन."

"ऑर्डर कुणाची?"

"ते सोडा ना साहेब."

"सोडा कसं? मूळ सीडी तुला आणून कुणी दिली?"

"मी केलं ना कबूल? मला आत टाका. टेन्शन नाय."

इथून पुढे तो गप्प. मी माझं सगळं कसब लावलं. आधी चहा पाजला. मग दरडावलं. मग नुसता समोर बसून फायली चाळत राहिलो, कारण शांततेला भले भले घाबरतात. तो घाबरला नाही. पंख्याकडे बघत बसला.

"कुणाला घाबरतोस रे एवढा?"

"घाबरत नाय साहेब."

"मग?"

"लाज वाटते."

या उत्तराने शहाण्या माणसाला काहीतरी सुचलं असतं. मला सुचली मुंबईची टोळी. एवढा चिवट पोरगा म्हणजे मागे कुणीतरी बडा असणार. मी त्याला रीतसर अटक दाखवली आणि वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात 'आंतरजिल्हा टोळीचा संशय' असे शब्द घातले. ते शब्द मला इतके आवडले की मी ते कार्बन घालून तीन प्रतींत लिहिले. पोरगा रात्रभर कोठडीत होता. कोर्टाने जामीन दिला तेव्हा निघताना एवढंच म्हणाला, "कुनी विचारलं तर मी आत होतो असं सांगू नका साहेब." मला वाटलं, गावात अब्रू जाईल म्हणून म्हणतोय.

मुद्देमाल ओळखायला फिर्यादीला बोलावलं. हवालदारांनी कौतुकाने माळ त्याच्यासमोर धरली. त्याने एक सीडी उलटून पाहिली आणि खुर्चीवर बसला.

"साहेब, ह्यातली एकसुद्धा चालणार नाही आता."

"का? सगळ्यांवर सह्या आहेत."

"म्हणूनच."

त्याने समजावलं की बस, घाट, म्हशी, म्हाताऱ्या हे सगळं त्या चकचकीत बाजूवरच असतं. आम्ही त्यावर लाख ओतली होती. हवालदारांनी माळ हळूच खाली ठेवली. मी गळ्याशी आलेला खोकला खोकून घेतला.

"दुसरी एखादी चांगली नक्कल गावातून मिळाली तर चालेल," तो म्हणाला. "ओळखायची खूण सांगतो. खऱ्या सीडीवर एक खूण ठेवलेली आहे, ती साध्या रायटरने उतरत नाही. ती खूण सापडली नाही तर गेम सुरू होतो, पण तिसऱ्या वळणावर धुकं येतं. ते कधीच जात नाही. कितीही चालवा, बस धुक्यातच फिरत राहते. फुकट्या माणसाला वरपर्यंत जाता येऊ नये म्हणून मी तसं करून ठेवलंय. मोठ्या कंपन्याही असं काही ना काही करतात."

"कुणाला सांगितलं होतं हे?"

"कुणालाच नाही. सांगितलं तर तोड काढतील."

मला ती युक्ती फार आवडली. चोराला चोरी पचू न देण्याची अशी सोय भारतीय दंडविधानातही नाही, असं मी त्याला म्हणालोसुद्धा. तो हसला नाही.

त्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो. डोकं तापलेलं होतं. ताटावर बसून मी सगळा राग बाहेर काढला. लाख, सुतळी, भांडीवाल्याची सही. सौभाग्यवती आमटी वाढत होत्या. मी म्हटलं, "आता गावभर हिंडून धुक्याचा गेम शोधायचा. मिळेल तेव्हा मिळेल."

आमटीचा डाव हवेतच थांबला. "तिसऱ्या वळणावर धुकं येतं तो? बसचा?"

"तुला काय माहीत?"

"रोज दुपारी खेळते की मी. आडवी येते ती म्हातारी, तिला घेतलं की पुढे धुकं. किती दिवस झाले, मला काही त्यातून बाहेर पडता येत नाही. म्हटलं, आपल्यालाच चालवता येत नसेल."

मी ताटावरून उठलो. आख्खं पोलीस ठाणं जी वस्तू शोधत होतं, ती माझ्या घरच्या टेबलाच्या खणात होती. कागदी पाकिटात सीडी, पाकिटाच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली.

"कुठून आली ही?"

"बाईंच्या हळदीकुंकवाला गेले होते ना संक्रांतीत? त्यांनी यंदा हे वाण दिलं. सगळ्या बायकांना. म्हणाल्या, माझ्या मुलाने केलंय."

बाई म्हणजे गावातल्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. आणि बाई म्हणजे माझ्या फिर्यादीची आई.

आता मला कोठडीतल्या पोराची लाज समजली. 'आंतरजिल्हा टोळी' टपालाने रवाना झालेली होती.

संध्याकाळी हवालदारांना घेऊन बाईंच्या घरी गेलो. गणवेश घातला नाही. हवालदार वाटेत एकदाच बोलले. "साहेब, बाईंना आरोपी नंबर दोन करायचं काय? माजी पोरगी त्यांच्याच हाताखाली पास झाली."

मी म्हटलं, "बघू." आमच्या खात्यात ज्याचं उत्तर माहीत नसतं त्याला 'बघू' म्हणतात.

बाईंनी दार उघडलं आणि तोंड भरून हसल्या. "या ना. मिसेसना नाही आणलंत?" कोकम सरबत आलं. हवालदार खुर्चीच्या कडेवर बसले, शाळेत बसावं तसे. मी आडून आडून विषय काढायचा बेत केला होता, पण मी सीडी हा शब्द उच्चारायचा अवकाश.

"त्या होय? मीच वाटल्या. सांगते तुम्हाला गंमत. ह्याच्या खोलीत खोकी नुसती पडून. हा दुकानात जाऊन दोन शब्द बोलणार नाही, कुणाला दाखवणार नाही. म्हटलं, गाळण्या आणि कंगवे सगळ्याच वाटतात. आपण हे वाटू. घरोघरी जाईल, मुलं खेळतील, आवडलं तर आपल्या मावशीला, आत्याला सांगतील, ती माणसं विकत घेतील. ह्याच्या खोक्यांना हात लावला असता तर रागावला असता, म्हणून एकच घेतली आणि तो कुडपणचा मुलगा आहे ना, त्याच्याकडून काढून आणल्या. माझा विद्यार्थी तो. दहावीला गणितात अडकला होता, मी बसवून घेतलं. काही घेत नव्हता, मीच जबरदस्तीने पैसे दिले हो त्याला."

"आणि मग?"

"मग काय! सगळ्यांना आवडली. एकीनेही नाव ठेवलं नाही. ज्या भेटतात त्या म्हणतात, बाई, फार छान केलंय हो तुमच्या मुलाने."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. मला घरची दुपार दिसत होती. तिसऱ्या वळणावर अडकलेली बायको. आणि तिच्यासारख्याच गावभरच्या बायका, मुलं. काहींना वाटलं आपल्यालाच जमत नाही, बाकीच्यांनी आपसात ठरवलं की बाईंच्या मुलाचा गेम काही खास नाही, अर्ध्यावर बिघडतो. विकत घ्यायला दुकानात कोण जाणार होतं? आणि बाईंना तोंडावर सांगणार कोण? ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले, त्यांच्या वाणाला नावं ठेवायची रीत आमच्याकडे नाही. माझ्या फिर्यादीचा धंदा मेला तो निम्मा ह्या मायेने आणि निम्मा ह्या भिडेने.

आतल्या दारात फिर्यादी येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आई, किती जणींना दिल्यास?"

"अरे, आल्या तेवढ्यांना. नंतर काहींनी बहिणीसाठी मागून नेल्या. का रे?"

"तिसऱ्या..." एवढं म्हणून तो थांबला. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही. चांगलं केलंस."

बाई माझ्याकडे वळल्या. "काही चुकलं का हो साहेब?"

मी नोकरीत शेकडो जबाब घेतले. ह्या प्रश्नाला मी सरबत छान झालंय असं उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटा ठाण्यात आला. बसल्या बसल्या विचारलं, "फिर्याद मागे घेता येते?"

"नाही येत. एकदा गुन्हा नोंद झाला की तो तुमचा राहत नाही, सरकारचा होतो."

"मग?"

मी दोन्ही रस्ते मांडले. दोषारोपपत्र पाठवायचं तर सीडीवाल्याला कोर्टात उभं राहावं लागणार. मूळ सीडी कुणी दिली हे तिथे विचारणारच. तो न बोलता शिक्षा घेईल, पण तपासाच्या कागदांत बाईंचं नाव मला लिहावंच लागेल. एक तर आरोपी म्हणून, नाही तर साक्षीदार म्हणून. स्वतःच्या मुलाच्या फिर्यादीत. दुसरा रस्ता पुरवणी जबाबाचा. नकला माझ्या संमतीने निघाल्या, घरात बोलणं नीट झालं नव्हतं म्हणून गैरसमजातून तक्रार दिली, असं फिर्यादीने सांगायचं. मग मी 'सी समरी' पाठवू शकत होतो, म्हणजे गुन्हा खरा नाही आणि खोटाही नाही, गैरसमज. प्रकरण तिथे मिटतं.

"संमतीने म्हटलं की माझा हक्क..."

"ते वकिलाला विचारा. मला त्यातलं कळत नाही."

"मला कळतं साहेब," तो म्हणाला. "मीच फुकट वाटायला परवानगी दिली असं पोलिसांच्या कागदावर आलं, की उद्या खेडमध्ये, माणगावमध्ये कुणीही विकेल आणि म्हणेल, मालकाची हरकत नव्हती. कंपनी असला माल कशाला घेईल?"

"विचार करायला वेळ घ्या."

"घरातली वस्तू आईने घ्यायला मी कधी मनाई केली नव्हती. हे तर खरंच आहे ना?"

"खरं आहे."

"मग लिहा."

हवालदारांनी जबाब लिहिला. नेहमी ते लिहिता लिहिता मोठ्याने वाचतात. त्या दिवशी वाचला नाही. त्याने एकदा नजर फिरवली आणि सही केली. साधी, कागदावर, हलक्या हाताने.

ठाण्यातून बाहेर पडून तो थेट पेठेत गेला, असं नंतर कळलं. सीडीवाल्याच्या जिन्याखालच्या खोलीत दोघे बराच वेळ बसले होते. काय बोलले ते माझ्या तपासाचा भाग नव्हतं.

मुंबईच्या कंपनीने कागद मागवले, वाचले आणि नम्र शब्दांत नकार कळवला. धुक्याचा गेम पुढे हायवेवरच्या टपऱ्यांवर भजनांच्या सीडीशेजारी राजरोस मिळायला लागला. फिर्यादी परत कारखान्यात शिफ्टला लागला. वरून माझ्या 'आंतरजिल्हा टोळी'चा खुलासा मागणारं पत्र आलं. त्याला उत्तर देताना मला शब्द जितके कमी पडले, तितके उभ्या नोकरीत कधी पडले नव्हते. मुद्देमालाची माळ मालखान्यात खिळ्याला टांगलेली राहिली. रायटर सीडीवाल्याने नेला, माळ न्यायला कुणी आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तो फिर्यादी मला महाडच्या स्टँडवर भेटला. केस मागे गेलेले. पुण्यात मोबाइलवरचे गेम करणाऱ्या एका कंपनीत होता, सणाला घरी आलेला. मी विचारलं, "अजून धुकं घालता का नकलांत?"

"नाही साहेब. तो जमाना गेला. आता आम्ही सुरुवातीचा भाग सगळ्यांना फुकट देतो. लोकांनी एकमेकांना पाठवावा हेच बघतो. गोडी लागली की पुढचा रस्ता उघडायला पैसे. चोरीसाठी काही उरतच नाही."

"म्हणजे बाईंनी केलं तेच."

"तेच." त्याची बस लागली होती. बॅग उचलत म्हणाला, "फक्त आईच्या सीडीत धुकं होतं. आणि ते मी घातलं होतं."

"सांगितलंत कधी त्यांना?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि गर्दीतून बसमध्ये चढला.

एवढं मात्र झालं, की त्या प्रकरणानंतर मी 'अज्ञात इसम' हे शब्द फिर्यादीत सहजासहजी लिहू दिले नाहीत. माणूस हातात कागद घेऊन आला की आधी बसवायचो, चहा मागवायचो आणि घरात कोण कोण असतं, त्यांना हे ठाऊक आहे का, असं विचारायचो. काही जण चिडायचे. काही जण चहा संपवून, उद्या येतो म्हणून निघून जायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. त्यांच्या फिर्यादी नोंदवल्या नाहीत याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बऱ्याचदा माणसाचं नुकसान करणारा इसम त्याच्या फार जवळचा असतो आणि त्याच्या भल्यासाठीच झटत असतो. कायद्यात त्याच्यासाठी कलम नाही. असतं तर तुरुंगांत जागा पुरली नसती.

पण हे सगळं नंतरचं. माझ्यापुरतं ते प्रकरण संपलं ते त्या जबाबाच्या पुढच्या संक्रांतीला. सौभाग्यवती बाईंकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. परत आल्या. पिशवीतून वाण काढून ओट्यावर ठेवलं. चहाची गाळणी. साधी, स्टीलची, गावातल्या कुठल्याही दुकानात मिळते तशी.

"गर्दी होती?" मी विचारलं.

"होती. ओटी भरून झाल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. ही हातात दिली आणि हळूच विचारलं, 'अहो, हे दिलेलं चालतं ना? साहेबांना एकदा विचारून सांगा हं.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"चालतं म्हणाले."

गाळणी अजून आमच्याकडे आहे.